कोकणचा निकाल आणि कोकणचा पट



दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रांतील एक मथळा गेली कित्येक वर्षे ठरून गेलेला आहे : निकालात कोकण अव्वल. पुणे, मुंबई, नागपूर, लातूर यांची क्रमवारी खालीवर होते. कोकणाचे स्थान हलत नाही. २०२२ मध्ये राज्याचा निकाल ९६.९४ टक्के लागला, तेव्हा कोकण विभागाचा ९९.२७ टक्के होता. २०२३ मध्ये राज्य ९३.८३ वर उतरले, कोकण ९८.११ वर राहिले. २०२४ मध्ये राज्याचे ९५.८१ आणि कोकणाचे ९९.०१, २०२५ मध्ये राज्याचे ९४.१० आणि कोकणाचे ९८.८२. बारावीच्या निकालातही पहिले स्थान कोकणाचेच. या मथळ्याने कोणाही कोकणवासीयाची मान उंचावते आणि ती उंचवावी, यात वावगे काही नाही. परंतु निकालपत्रकात टक्केवारीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असतो. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांचा. त्या रकान्याचा मथळा कधी होत नाही.

प्रथम ‘कोकण’ म्हणजे काय, हे स्पष्ट केलेले बरे. महसूल खात्याच्या लेखी कोकण विभागात मुंबईपासून पालघर-रायगडपर्यंत सारे येते. परीक्षा मंडळाच्या लेखी मात्र कोकण म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. पूर्वी ते कोल्हापूर विभागात मोडत. २०१२ च्या सुमारास रत्नागिरीला स्वतंत्र विभागीय मंडळ आले आणि तेव्हापासून हे दोन जिल्हे आपल्या नावाने ओळखले जाऊ लागले. २०२४ च्या दहावीला राज्यातून सुमारे साडेपंधरा लाख विद्यार्थी बसले. त्यांत मुंबई विभागाचे साडेतीन लाखांच्या आसपास. कोकणाचे तीस हजारांच्याही आत. नऊ विभागांत सर्वांत लहान विभाग तो हाच. म्हणून काही टीकाकार म्हणतात की, मूठभर मुलांचा निकाल चांगला लागला त्यात नवल ते काय?

या आक्षेपाला उत्तर २०१९ सालाने दिलेले आहे. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण मंडळाने काढून टाकले. शाळेच्या हातात असलेले गुण गेले आणि उत्तरपत्रिका तेवढी उरली. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर कोसळला. नागपूर विभाग ६७.२७ वर आला. कोकणही उतरले, ९६ वरून ८८.३८ वर. पण राज्य आणि कोकण यांच्यातील जे अंतर २०१८ मध्ये साडेसहा टक्क्यांचे होते, ते त्या वर्षी सव्वाअकरा टक्क्यांचे झाले. म्हणजे परीक्षा जितकी कठीण झाली तितके कोकण इतरांच्या पुढे गेले. पुढल्या वर्षी ते गुण परत आले, भूगोलाची प्रश्नपत्रिका कोरोनामुळे रद्द झाली, २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही आणि सगळ्यांचेच आकडे फुगले. तेव्हा कोकणच्या शाळेची खरी पारख करायची असेल तर ९९ टक्क्यांच्या वर्षांकडे पाहू नये. ८८ टक्क्यांच्या त्या एका वर्षाकडे पाहावे. शाळेत शिकवले जाते आणि मूल शिकते, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध होते.

हे यश आले कोठून? त्याची मुळे फार जुनी आहेत. दापोलीजवळच्या मुरूडचा एक किरकोळ अंगाचा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून सोबत्यांसह पायी साताऱ्याला गेला. शंभरावर मैलांची चाल झाली आणि तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते या कारणावरून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. तो मुलगा म्हणजे पुढे महर्षी झालेले धोंडो केशव कर्वे. ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून शाळाशाळांतून सांगितली जाते. तिच्या जोडीला सांगण्याजोगी दुसरी गोष्ट मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. मुंबईत स्थिरावल्यावर, १८८० च्या दशकात, कर्व्यांनी ‘मुरूड फंड’ काढला. पोटासाठी गावाबाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा ठरावीक भाग गावासाठी बाजूला काढावा, अशी त्यामागची कल्पना होती. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण या त्यांच्या थोर कार्यापुढे हा फंड लहान दिसतो. पण पुढच्या शंभर वर्षांत कोकणातील शाळा ज्या रीतीने उभ्या राहिल्या, तिचा पहिला आराखडा या फंडात सापडतो.

शाळेचा दरवाजा सर्वांना सारखाच उघडा होता, असे मात्र नव्हे. ज्या दापोलीने पंडित, समाजसुधारक घडवले, त्याच दापोलीच्या छावणीत राहणाऱ्या निवृत्त महार सैनिकांना आपल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब काही काळ तेथेच होते. १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अस्पृश्यतानिवारणाचा आरंभ शाळेतल्या बैठकीपासून केला, यामागे मोठी दृष्टी होती. मुले वेगळी न बसवता सरमिसळ बसवावीत, यासाठी त्यांनी गावोगाव हिंडून पालकांची समजूत घातली, अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या, विरोध पत्करला. पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभे राहिले. शाळांतील एकत्र बैठकीचा लढा त्याच्याआधी सुरू झाला होता. देवळाच्या आधी शाळा, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आज कोकणच्या निकालात सर्व जातीजमातींची मुले खांद्याला खांदा लावून उत्तीर्ण होतात. त्यामागे अशा अनेक लढ्यांचे ऋण आहे.

मग आल्या गिरण्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत सर्वाधिक भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. लालबाग-परळच्या खोल्यांतून एकेका गावाची माणसे दाटीवाटीने राहत. प्रत्येक गावाचे, प्रत्येक वाडीचे मंडळ असे. महिन्याला वर्गणी निघे, मृत्युफंड असे, भजनाचे साहित्य असे आणि ‘गावात हायस्कूल हवे’ हा विषय सभेत पुन्हा पुन्हा येत असे. हायस्कूल कशासाठी, तर सातवी झालेला मुलगा गिरणीत बदलीवर लागतो आणि मॅट्रिक झालेला मुलगा कारकून होतो, हे त्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील माध्यमिक शाळांची यादी काढून पाहावी; बहुसंख्य शाळा गावोगावच्या शिक्षण संस्थांनी काढलेल्या आणि पुढे शासनाचे अनुदान मिळालेल्या आहेत आणि त्या संस्थांच्या कार्यकारिणीत ‘मुंबई’चे सदस्य हमखास आढळतात. दर्शनी भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे असतात. कोणी एका वर्गखोलीचे, कोणी घंटेचे, कोणी पाण्याच्या टाकीचे पैसे दिलेले असतात. रक्कम आज वाचली तर हसू येईल अशी. देणाऱ्याच्या पगाराच्या मानाने ती डोळ्यांत पाणी आणील अशी. खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांतही हेच घडले. तेथे मनीऑर्डर मुंबईऐवजी आखातातून आली, एवढाच फरक.

या मनीऑर्डरीचा दुसरा परिणाम घरात झाला. बाप मुंबईला, म्हणून घरकर्ती आई. शेती तिची, गुरे तिची, देणेघेणे तिचे आणि मुलाच्या अभ्यासावर डोळाही तिचाच. १९६१ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात दरहजारी पुरुषांमागे स्त्रियांची संख्या बाराशेच्या पलीकडे होती. पुढे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरीचे हे प्रमाण ११३६ आणि २०११ मध्ये ११२२ होते. राज्याचे २०११ चे प्रमाण ९२९. बाहेरचे पाहुणे या आकड्याचे कौतुक करतात आणि ‘कोकणात स्त्रीजन्माचे स्वागत होते’ असे भाषणांतून सांगतात. सहा वर्षांखालील मुलांचा आकडा पाहिला तर हे कौतुक थबकते. तेथे मुली हजाराला ९३६ च आहेत. तेव्हा वाढलेले प्रमाण जन्मलेल्या मुलींचे नव्हे, गेलेल्या पुरुषांचे आहे. ते काही असो; ज्या समाजात घराचा सारा कारभार बाई पाहते, तेथे मुलीला चौथीतून काढून घरी बसवण्याचा विचार लवकर मागे पडतो, हे कोकणात दिसून आले. २०११ मध्ये रत्नागिरीची साक्षरता ८२ टक्क्यांवर आणि सिंधुदुर्गाची ८५ टक्क्यांवर होती. हे दोन्ही जिल्हे बहुतांशी ग्रामीण असताना.

येथवरची कथा अभिमानाची आहे. आता ज्याचा मथळा होत नाही त्या रकान्याकडे वळावे लागेल.

२००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढली. राज्यातील ज्या तीन जिल्ह्यांत माणसे घटली त्यांतील दोन हे, आणि तिसरा कोणता? मुंबई शहर! हा योगायोग नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडल्या, चाळी गेल्या, टॉवर आले आणि लालबागचा चाकरमानी नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीकडे सरकला. जुना ठाणे जिल्हा त्या दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढला. कोकणातले गाव आणि मुंबईतले गिरणगाव अशी माणसाची दोन घरे होती. ती दोन्ही रिकामी होत गेली आणि तिसरेच एक घर, वन रूम किचनचे, भरले.

या बदलाचे मर्म पुन्हा त्या स्त्री-पुरुष प्रमाणातच दडलेले आहे. बाराशेच्या पलीकडून ११३६, मग ११२२. सिंधुदुर्गात १०७९ वरून १०३६. प्रमाण उतरते आहे ते पुरुष परत आले म्हणून नव्हे, तर आता स्त्रियाही जाऊ लागल्या म्हणून. पूर्वी माणूस जात असे आणि घर मागे राहत असे. आता घरच जाते. सून लग्नानंतर वर्षभरात नालासोपाऱ्याला जाते आणि नातू तेथल्या शाळेत दाखल होतो. गावात राहतात आजी-आजोबा, बंद घराची किल्ली सांभाळणारा चुलता आणि गणपतीपुरता उघडणारा दरवाजा. त्यात राज्याचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ वर आलेला. म्हणजे जी कुटुंबे गावात राहिली, त्यांच्या घरीही शाळेत जाणारे मूल एकच, फार तर दोन. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे २०११ नंतरचा अधिकृत आकडा हाती नाही. परंतु शाळेचे हजेरीपत्रक ही दरवर्षी होणारी जनगणनाच असते आणि ते काय सांगते हे मुख्याध्यापकांना विचारावे.

एखाद्या आडगावच्या हायस्कुलात जूनमध्ये गेले तर चित्र असे दिसते. इमारत भक्कम, चिऱ्याची. पटांगण मोठे. एके काळी आठवीच्या दोन तुकड्या होत्या. ‘ब’ तुकडीच्या खोलीत आता मोडके बाक आणि निवडणुकीचे सामान. दहावीत अकरा मुले. अकराही पास होतात आणि फलकावर लिहिले जाते : ‘निकाल १०० टक्के’. पुढल्या वर्षी दहावीत नऊ मुले. त्यांतील एक नापास झाला तर निकाल ८८.८९ टक्के, आणि शिक्षणाधिकाऱ्यांची विचारणा येते. अकराचे नऊ झाले याबद्दल विचारणा येत नाही. निकालाला कारणे दाखवा नोटीस आहे, पटाला नाही.

लहान वर्गामुळे निकाल चांगला लागतो, हेही येथे मान्य केले पाहिजे. नऊ मुलांच्या वर्गात कोणीही मागच्या बाकावर लपू शकत नाही. शिक्षक मुलाला नावानेच नव्हे, त्याच्या आजीच्या गुडघेदुखीसकट ओळखतो. मूल दोन दिवस आले नाही तर तिसऱ्या दिवशी निरोप जातो. म्हणजे ज्या कारणाने निकाल वर जातो, त्याच कारणाने शाळा बंद पडण्याच्या जवळ येते. या विचित्र अवस्थेकडे निकालाच्या दिवशी कोणाचे लक्ष नसते.

आणखी एक तुलना कोकणवासीयांना रुचणार नाही, पण केली पाहिजे. २०२४ च्या दहावीत राज्यातील १८७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी, म्हणजे शंभर टक्के गुण मिळाले. कला-क्रीडेचे सवलतीचे गुण त्यात धरलेले असतात, हे खरे. तरीही त्यांतील १२३ विद्यार्थी एकट्या लातूर विभागाचे होते. कोकणाचे बोटांवर मोजण्याइतके. विभागाच्या एकूण निकालात मात्र लातूर कोकणाच्या कितीतरी मागे. लातूरने शिखर उंच केले, कोकणाने पठार उंच केले. यांतले कोणते श्रेयस्कर, हा वाद येथे नको. सर्वांना घेऊन जाणारी शाळा ही समाजाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. पण पठारावरच्या मुलाला पुढे चढायचे असेल तर वाट कोठे आहे? वैद्यकीय, अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायची तर कोल्हापूर, मुंबई किंवा थेट लातूर. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सिंधुदुर्गात २०२१ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३ मध्ये सुरू झाली. ही आनंदाची गोष्ट. पण दहावीनंतरची मधली दोन वर्षे आजही कोकणाबाहेर काढावी लागतात आणि सोळाव्या वर्षी बाहेर पडलेले मूल परत येत नाही.

टक्केवारी मोजते ती परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांना. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कोळशाच्या भट्टीवर किंवा वीटभट्टीवर जाणारे कातकऱ्याचे मूल आठवीतच गळले तर ते कोणाच्याच टक्केवारीत नापास होत नाही. आणि एक नवे मूलही कोकणच्या शाळेत आले आहे. आंब्याच्या बागांत राखणीसाठी आणि मासेमारीच्या नौकांवर कामासाठी नेपाळी कुटुंबे येतात. त्यांची मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत बसतात. दोन वर्षांत ती अस्खलित मराठी बोलतात, प्रार्थना म्हणतात, खो-खो खेळतात. काही ठिकाणी शाळेचा पट त्यांच्यामुळे टिकून आहे. हंगाम संपला की मेअखेरीस कुटुंब निघते, आणि ऑक्टोबरात पुन्हा येईल की नाही हे बागायतदारालाही ठाऊक नसते. ज्या गावची मुले विरारच्या शाळेत गेली, त्या गावची शाळा नेपाळच्या मुलांनी उघडी ठेवावी, यावर थोडा विचार व्हावा.

शासनाची भूमिका हिशेबाची आहे. २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी पटाच्या तेराशेंवर शाळांचे जवळच्या शाळेत समायोजन करण्याचा निर्णय झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील शाळा त्यांत मोठ्या संख्येने होत्या. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या सुमारे पावणेपंधरा हजार शाळांचा आढावा घेऊन ‘समूह शाळे’ची कल्पना पुढे आली, त्यासाठी तोरणमाळ आणि पानशेत यांचे दाखले देण्यात आले. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर वरच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला की नियमित शिक्षकाचे पद मंजूर होणे दुरापास्त झाले आणि शिक्षक संघटनांनी त्याला राज्यभर विरोध केला. सरकारी तिजोरीला मर्यादा आहेत आणि पाच मुलांमागे तीन शिक्षक देता येत नाहीत, या म्हणण्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. परंतु वीस हा आकडा सोलापूरच्या माळावर आणि संगमेश्वरच्या डोंगरात एकच अर्थ सांगत नाही. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जेथे दोन वाड्यांच्या मध्ये वहाळ आणि त्यावर एक साकव असतो, तेथे नकाशावरचे चार किलोमीटर जुलै महिन्यात चार राहत नाहीत. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कवच आठवीपर्यंतच आहे. तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी हा हक्क सहावी ते आठवीच्या मुलाला आहे. नववीच्या मुलाला नाही. कोकणाने ज्या परीक्षेत नाव मिळवले, ती परीक्षा देणारा वर्ग कायद्याच्या बाहेर उभा आहे.

आणि शाळा बंद झाली तर मुलगा कोठे जातो, मुलगी कोठे जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलगा काकाकडे डोंबिवलीला जातो किंवा तालुक्याला खोली घेतो. मुलीच्या बाबतीत घरात बैठक बसते. एस.टी.चा पास मुलींना मोफत आहे, पण संध्याकाळची गाडी सहाला सुटून फाट्यावर पावणेसातला येते आणि फाट्यापासून वाडी दोन किलोमीटर आत. पावसाळ्यात त्या वाटेवर मुलीला एकटीने येऊ द्यावे, असे कोणत्या आईला वाटेल? २०२४ मध्ये राज्यात मुलींचा निकाल ९७.२१ आणि मुलांचा ९४.५६ टक्के होता. शाळा दूर गेली तर आधी थांबेल ती यांतली पुढे असलेली.

सारा दोष शासनावर टाकून मोकळे होण्याची सोय येथे नाही. चिपळूण, कणकवली, सावंतवाडीत इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या वाढल्या, त्या गावातलीच मुले नेण्यासाठी. मराठी शाळेच्या संस्थेचे पदाधिकारी आपला नातू मात्र त्या गाडीत बसवतात, ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक असते आणि सभेत कोणी काढत नाही. शिक्षकांचेही तसेच. घाटावरून आणि मराठवाड्यातून आलेले शिक्षक मनापासून शिकवतात. पण त्यांची नजर स्वाभाविकपणे आपल्या जिल्ह्याकडे असते. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांत रत्नागिरी जिल्हा परिषदेचे शेकडो शिक्षक एका फटक्यात गेले. त्यांना दोष देता येणार नाही. ज्या दोन जिल्ह्यांची मुले दहावीला सर्वांत पुढे, त्या जिल्ह्यांना आपल्या प्राथमिक शाळेसाठी आपले पुरेसे शिक्षक का मिळू नयेत, हा प्रश्न उरतोच.

आणि मंडळे? ती मोडलेली नाहीत. लालबागचे मंडळ विरारला गेले, वर्गणी आता मोबाइलवर जमा होते, पण शिमग्याला पालखी नाचवायला आणि गणपतीला आरतीला माणसे रात्ररात्र प्रवास करून येतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कोकणात ग्रामदेवतेच्या देवळांचे जीर्णोद्धार किती झाले, हे कोणत्याही रस्त्याने जाताना दिसते. कौलारू देवळांच्या जागी शिखरे उभी राहिली, सभामंडपांना लाद्या बसल्या, कमानी आल्या. श्रद्धेने दिलेल्या पैशाचा हिशेब विचारणे योग्य नव्हे आणि देऊळ हे गावाला बांधून ठेवणारे ठिकाण आहे, हेही खरे. पण ज्या पावतीपुस्तकावर आजोबांनी हायस्कुलासाठी पाच रुपये दिले, त्याच मंडळाच्या अहवालात आज शाळेचा उल्लेख ‘गुणवंतांचा सत्कार’ एवढाच असतो. वह्यांचे वाटप होते. वह्या नऊ मुलांनाच लागणार आहेत, हे वाटणाऱ्यांच्या लक्षात येते की नाही कोण जाणे!

करण्याजोगे काही आहे का? आहे, आणि ते फार अवघड नाही. पाच-सहा गावांची हायस्कुले वेगवेगळी मरण्याऐवजी त्या गावांच्या मंडळांनी एकत्र बसून एक मध्यवर्ती हायस्कूल ठरवावे. सरकारने ठरवण्यापूर्वी ठरवावे. उरलेल्या इमारतींपैकी एकीत मुलींचे वसतिगृह होऊ शकते. खोल्या आहेत, विहीर आहे, स्वयंपाक करणाऱ्या बायका गावात आहेत. शाळेच्या वेळेला धरून एक गाडी ठेवण्याचा खर्च एका कमानीच्या खर्चाहून कमी आहे. गणित-विज्ञानाचे पद रिक्त असेल तर निवृत्त होऊन गावी परतलेला अभियंता किंवा बँक अधिकारी वर्गावर उभा राहू शकतो. अशी माणसे आता गावोगाव आहेत, घरे बांधून राहिलेली आहेत, आणि दुपारी चार वाजता काय करावे हा त्यांचा प्रश्न आहे. कातकरी वाडीवरची मुले हंगामात आईबापांबरोबर जाणार नाहीत, यासाठी तेच वसतिगृह चार महिने उपयोगी पडेल. आणि तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेची चांगली सोय झाली, तर सोळाव्या वर्षी बाहेर जाणारे मूल निदान अठराव्या वर्षापर्यंत घरी जेवेल.

यासाठी सभा कधी घ्यावी, हेही ठरलेलेच आहे. शाळेची संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावरून होते. त्या दिवशी हजेरीपत्रकात जेवढी नावे, तेवढ्यावर पुढल्या वर्षीची शिक्षकपदे. गणेशचतुर्थी बहुतेक वर्षी त्याच्या आधी काही आठवड्यांत येते. तेव्हा मुंबई-ठाण्याची सारी मंडळी गावात असते, घरे उघडी असतात आणि गौरीविसर्जनानंतरची दुपार मोकळी असते. मंडळाची वार्षिक सभा त्या दुपारी देवळाच्या सभामंडपाऐवजी हायस्कुलात, ‘ब’ तुकडीच्या खोलीत भरवावी. मोडके बाक तेवढे आधी बाहेर काढावे लागतील. मुख्याध्यापकांनी गेल्या दहा वर्षांचा पट वर्षवार फळ्यावर लिहावा आणि त्याखाली पुढल्या तीन वर्षांत दहावीला येणाऱ्या मुलांची संख्या लिहावी. ती सातवी ते नववीच्या हजेरीपत्रकांवरून आजच सांगता येते.